आबांना चढवलेला कोट

१२ जून

पाच महिने झाले आज. आबा भाट्याच्या किनाऱ्यावर फिरायला गेले ते गेलेच. डोक्यातून घर केव्हाच पुसलं गेलं होतं त्यांच्या. मी तेवढी अधूनमधून आठवायची.

फोटो स्टुडिओत दिवसभर कॉम्प्युटरवर एका नवरीच्या केसांभोवती पाथ, म्हणजे कापायची रेघ, मारत बसले. एक पॉइंट चुकला की कानच कापला जातो! लोकांची माणसं मी इतक्या निगुतीने कापून काढते. आणि माझा बाप मला सापडत नाही.

१४ जून

आई म्हणाली, "फोटो लाव गो भिंतीला. हार नको, नुसता लाव. पन तो कोटवाला नको. ह्यांनी जल्मात कोट घातला नाय!"

कोट मीच चढवलाय. जानेवारीत पोलिसांना द्यायला फोटो हवा होता. आबांचा धड असा एकच, आंब्याच्या कलमाखाली उभे असतानाचा. रडत रडत बसले कॉम्प्युटरपुढे, पण हात सवयीने चालला — पाथ, सिलेक्शन, मागे निळा रंग, वर कोटाचा लेअर. आमच्याकडे पासपोर्ट फोटोला येणाऱ्या प्रत्येकाच्या अंगावर हाच कोट! चेहराही साफ केला. मालक झुबेरभाई मागे उभे होते. "काय हात हाय तुजा, शमिका! आबा सायब दिसतात बग."

तेवढंच बरं वाटलं होतं त्या दिवशी.

१५ जून

कोट काढायला त्या फोटोची फाइल उघडायची हिंमत नाही.

फेब्रुवारीतला फोन आठवतोय. लांबच्या एका दवाखान्यातली नर्स — कुणीतरी म्हातारा आणून सोडलाय, नाव सांगता येत नाही, तुमच्या आबांचा फोटो पाठवा. पाठवला. तासाभराने उत्तर आलं, "हे नव्हेत हो." रडले. आणि मग जेवलेसुद्धा. त्यांच्याकडच्या म्हाताऱ्याचा फोटो मागायचं सुचलं नाही.

त्यानंतर कुणाचाच फोन नाही. आता येणारही नाही.

१९ जून

आई रोज विचारते. रिकामा खिळा मारून ठेवलाय तिने.

२० जून

उघडली फाइल. कोटाच्या लेअरपुढची डोळ्याची खूण बंद केली, कोट गेला. खालून आबांचा सदरा आला, वरचं बटण तुटलेला.

आणखी एक लेअर होता. नाव दिलेलं — 'चेहरा'. विसरलेच होते मी. त्याचीही खूण बंद केली.

डाव्या भुवईत खाच!

मी चौथीत असताना आंबे उतरवायची घळ, लांब काठीची, निसटून त्यांच्या तोंडावर बसली होती. तेव्हापासून त्या भुवईचे दोन तुकडे. ती खाच मी भरून टाकली होती. उजव्या भुवईतले केस उचलून, सांधा दिसणार नाही अशी. रोज समोर दिसायची म्हणून पोलिसांना सांगायचंही कुणाला सुचलं नव्हतं.

सगळ्या ठाण्यांत तोच फोटो गेलाय. नर्सलाही तोच.

नालायक आहे मी. दुसरा शब्द नाही.

२१ जून

मूळ फोटो नर्सला पाठवला. दोन निळ्या खुणा आल्या. उत्तर नाही.

२२ जून

नर्सचा फोन. "हेच ते."

दोन मार्चला गेले. म्हणजे मी कोटवाला फोटो पाठवला तेव्हा होते. रोज दाराशी खुर्ची ओढून बसायचे, म्हणाली. कुणी आत न्यायला आलं की सांगायचे — "थांब जरा. पोर येयल माजी."