डेल्बर्टमामा, खरा इशारा द्या

हॅडली, आयोवा
सोमवार, १३ नोव्हेंबर, सकाळचे सहा

आदरणीय डेल्बर्टमामा यांस,

भाचा टोबिन याचा टोपी काढून, केसांवरून हात फिरवून नमस्कार. इकडे सर्व ठीक आहे. तुमचा डावा गुडघा थंडी पडल्यापासून काय म्हणतो? (मामी सांगते की रेडिओवाल्यांपेक्षा तो बर्फाचा अंदाज बरा देतो.) दुकानात वासरांच्या खाद्याला गिऱ्हाईक आहे ना? पर्लला अजून कारच्या मागे धावावंसं वाटतं का, की आता ती नुसती बसल्या जागेवरून भुंकते? तुम्ही दोन वर्षं माझ्याशी बोलत नाही, हे मी मुळीच मनाला लावून घेतलेलं नाही. इतकंच कळवण्यासाठी मी तुम्हाला आठ पत्रं लिहिली आणि फाडली. हे नववं. फोन तुम्ही उचलत नाही, आणि उचललात तर "थांब, मामीला देतो" एवढंच म्हणता. तेही हल्ली रिसीव्हर टेबलावर ठेवल्यानंतर.

मुख्य आनंदाची बातमी अशी की मी आता एका जागी रुळलो आहे. 'टोब्या, पायाला भिंगरी बांधूनच जन्माला आलास' असं तुम्ही मी सात वर्षांचा असल्यापासून म्हणत आला आहात, पण ती भिंगरी आता सुटली. खोलीत खोके आहेत ते सगळे उघडले. (सगळे म्हणजे दोन. बाकीचे गाडीच्या डिकीत बरे राहतात.) सकाळी शांतपणे टेबलाशी बसून हे पत्र लिहितो आहे, आणि पूर्ण होईपर्यंत इथून हलणार नाही.

(टेबल डगमगत होतं, म्हणून कपडे धुण्याच्या दुकानात आलो. इथे यंत्रांचा आवाज आहे, पण आवाजात माझं लक्ष चांगलं लागतं.)

तर मामा, माझ्या कारकिर्दीची हकिगत तुम्हाला आईकडून तुकड्यातुकड्यांत पोचली असेल, आणि आई माझी बाजू घेताना आकडे वाढवून सांगते, म्हणून मीच खरं काय ते लिहितो. पाच वर्षं, चार कॉलेजांच्या फुटबॉल टीम. एकूण खेळलेले सामने तीन, आणि तेही एकाच कॉलेजात. पहिल्या कॉलेजात, तिकडे वाळवंटात, मी क्वार्टरबॅकांच्या, म्हणजे चेंडू फेकणाऱ्यांच्या, रांगेत चौथा होतो. रांगेतल्या चौथ्याला काम असं की येत्या शनिवारी समोर येणाऱ्या टीमचा क्वार्टरबॅक जसा चालतो, जसा फेकतो, तसं सरावात चालायचं, फेकायचं, म्हणजे आपल्या पोरांना सवय होते. हे मला इतकं छान जमलं की कोच मला दर आठवड्याला त्या त्या माणसाच्या नावाने हाक मारू लागले. एका सोमवारी माझं खरं नाव विचारलं, तेव्हा मलाही क्षणभर थांबावं लागलं.

दुसरं कॉलेज तुमचं. लँगफोर्ड. त्याबद्दल मी शेवटी लिहिणार होतो, पण तुम्ही पत्र तिथपर्यंत वाचाल याची खात्री नाही, म्हणून आत्ताच लिहून टाकतो. तिथल्या पायऱ्यांजवळच्या भिंतीवर तुमचा फोटो आहे, तुम्ही मधल्या जागेवर वाकून चेंडूवर हात ठेवलेला, मान इतकी खाली की चेहरा दिसतच नाही, नुसती टोपणासारखी शिरस्त्राणाची गोल पाठ. सरावाला जाताना मी त्या शिरस्त्राणाला रोज गुड मॉर्निंग म्हणायचो. तीन सामने तिथेच खेळलो. मग नवा कोच आला, त्याने येताना आपला क्वार्टरबॅक बरोबर आणला, आणि मी पुन्हा कडेला. तोवर सगळं ठीकच होतं. बिघडलं ते आभाराच्या सणाला, तुमच्या टेबलावर.

(दुकानातली बाई माझ्याकडे संशयाने बघू लागली, कारण माझ्याकडे धुवायला कपडेच नव्हते. आता पेट्रोल पंपावर आहे. टाकी भरलेली बरी असते.)

त्या दिवशीचं तुम्हाला जे माहीत आहे ते असं: टर्की कापून झाली होती, भोपळ्याची पाई यायची होती, तुम्ही डोळे मिटून प्रार्थना म्हणत होता, आणि माझा फोन वाजला. तुम्हाला जे माहीत नाही ते असं: बदली मागणाऱ्या खेळाडूंची एक यादी असते, तीत नाव घातलं की देशभरचे कोच संध्याकाळपर्यंत फोन करू लागतात. संध्याकाळपर्यंत, असं मला सांगितलं होतं. मी टेबलाखाली अंगठ्याने नाव घातलं आणि तीन मिनिटांत फोन आला. या देशात कुठलंही काम वेळेआधी होत नाही, नेमकं एवढंच झालं. तुम्ही तेव्हा म्हणत होता, "देवा, या पोराला लँगफोर्डला टिकवलंस, त्याबद्दल विशेष आभार." फोन रश्श्याच्या वाडग्याशेजारी गोल गोल फिरत राहिला. मामीने "घ्या ना, रताळी घ्या" म्हटलं, पण कोणी घेतली नाहीत. तुम्ही मला एकच वाक्य बोललात: "ताटावरून उठेपर्यंत तरी थांबायचंस." आणि सणाच्या दिवशी दुकान उघडून पोती रचायला निघून गेलात. फोनवरचं 'मामीला देतो' सोडलं तर त्या वाक्यानंतर आजतागायत दुसरं वाक्य नाही.

मामा, मी लहान असताना तुम्ही मागच्या अंगणात मला चेंडू द्यायचात, वाकून, पायांमधून, मागे न बघता. मी एकदा विचारलं की मी जागेवर नसलो तर? तुम्ही म्हणालात, "मागे कोण आहे ते बघायचं नसतं रे, आहे असं धरून द्यायचा." त्या टेबलावर हेच झालं. तुम्ही चेंडू दिलात आणि मी तिथे नव्हतो. याची मला लाज वाटते. हे वाक्य मागच्या आठही पत्रांत होतं, आणि प्रत्येक पत्र मी इथेच फाडलं.

(मिसुरी नदीवरचा पूल ओलांडला. सहजच. थंडीत गाडी जरा फिरवून आणावी लागते, नाहीतर बॅटरी बसते.)

असो. तिसरं कॉलेज दक्षिणेला, डेल नोर्टे. तिथे मला बढती मिळाली आणि मी टोपीवाला झालो. तुमच्या काळी हे नव्हतं, म्हणून सांगतो. कोचच्या मनातला डाव मैदानातल्या क्वार्टरबॅकला कळावा म्हणून कडेला तीन राखीव खेळाडू तीन रंगांच्या टोप्या घालून हातवारे करतात. तिघांपैकी खरा एकच. बाकीचे दोघे उगाच कान ओढतात, ढोपर झटकतात, म्हणजे समोरच्यांना चोरता येत नाही. मी वर्षभर खरा होतो. दोन्ही हात, कोपरं, पोट, नाक, सगळं मी त्या कॉलेजच्या सेवेत झिजवलं. (तरी खेळवलं नाहीच.) पुढे चौथं कॉलेज, हे हॅडली. इथे मी तेवीस वर्षांचा असल्यामुळे सगळे मला 'आजोबा' म्हणतात, आणि कोच रस्कींनी माझा अनुभव बघून पहिल्याच दिवशी लाल टोपी माझ्या डोक्यावर ठेवली. लाल म्हणजे खरा.

आता ऑक्टोबरच्या सात तारखेचं ऐका. आईने 'टोबिनकडून जरा गोंधळ झाला' इतकंच सांगितलं असेल. समोर कोण, तर डेल नोर्टे. माझे जुने सोबती, ज्यांना वर्षभर मी पोट चोळून दाखवलं होतं. चार मिनिटं उरलेली, आम्ही तीन गुणांनी मागे, चौथी म्हणजे शेवटची संधी. कोच रस्की माझ्या कानात म्हणाले, "डावीकडे लांब फेक." आमचा क्वार्टरबॅक ट्रेवॉन माझ्याकडे बघतोय, आठ हजार माणसं ओरडतायत, आणि माझ्या हातांनी मला न विचारता डोकं दोनदा थापटलं आणि पोट चोळलं. डेल नोर्टेत याचा अर्थ डावीकडे लांब फेक. हॅडलीत याचा अर्थ गुडघा टेक, म्हणजे डाव तिथेच संपव.

गुडघा कोण टेकतं? जी टीम पुढे असते ती, वेळ काढायला. पण ट्रेवॉन पडला गुणी पोरगा, आणि आदल्याच आठवड्यात इशारा मानला नाही म्हणून कोचनी त्याला स्टेडियमच्या सगळ्या पायऱ्या चढायला लावल्या होत्या. तिकडे डेल नोर्टेच्या पोरांनी माझं पोट ओळखलं, आणि अख्खी टीम 'डावीकडे, डावीकडे' ओरडत मागे पळाली. मैदानाचा मधला भाग इतका मोकळा झाला की तुमचा ट्रॅक्टर फिरवता आला असता. आणि त्या मोकळ्या रानात आमच्या ट्रेवॉनने चेंडू घेतला आणि अदबीने गुडघा टेकला. आठ हजार माणसं एकदम गप्प होणं म्हणजे काय, ते मी ऐकलं आहे.

कोच रस्की ओरडले नाहीत. माझी लाल टोपी काढून घेतली, तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "बाळा, तीस वर्षांत एकाच वेळी दोन्ही टीमना खेळवणारा माणूस मी पाहिला नव्हता." मी ट्रेवॉनची माफी मागायला गेलो तर तो म्हणाला, "मलापण विचित्र वाटलं हो आजोबा. पण म्हटलं, एवढी कॉलेजं फिरलेला माणूस आहे, काहीतरी जाणत असेल." तेव्हापासून मी बिनटोपीचा आहे.

(इथे खाल्लेल्या अंड्याचा डाग पडला आहे, माफ करा. हे रस्त्यावरचं खानावळवजा काहीतरी आहे. दोन्ही बाजूंना मक्याची कापलेली रानं आहेत, बाकी काही नाही. कुठे आहे ते महत्त्वाचं नाही.)

आता मात्र खरंच एक चांगली बातमी. येत्या शनिवारी, अठरा तारखेला, आमचा घरच्या मैदानावरचा शेवटचा सामना, म्हणजे शेवटच्या वर्षाच्या पोरांना निरोप. आणि ट्रेवॉनने आपणहून कोचना जाऊन सांगितलं, "पहिला चेंडू आजोबांना द्या." कोचनी मान्य केलं. एकच चेंडू. घ्यायचा आणि शेजारच्याच्या हातात द्यायचा, फेकायचा नाही (कोचनी हे तीन वेळा सांगितलं). लँगफोर्डचे ते तीन सामने सोडले तर पाच वर्षांत चार कॉलेजांकडून मिळालेलं एवढंच, पण मला त्याची रोज स्वप्नं पडतात. स्वप्नात मी जागेवर उभा असतो आणि चेंडू येतच नाही.

बाकी विशेष काही नाही. मामीला नमस्कार, पर्लच्या कानामागे खाजवा. तुम्ही उत्तर पाठवायची तसदी घेऊ नये. मी तशी अपेक्षा ठेवलेली नाही.

आपला,
टोबिन हराबे

ता. क. अठरा तारखेला सामन्याआधी प्रत्येक पोरगा घरच्या दोन माणसांच्या मध्ये चालत मैदानाच्या मध्यापर्यंत जातो. एका बाजूला आई येणार आहे, तिने कोटही घेतला. दुसऱ्या बाजूच्या माणसाचं नाव कॉलेजने महिन्यापूर्वी मागितलं होतं. मी तुमचं दिलं. विचारायला हवं होतं, पण विचारायचं कसं? तुम्ही आला नाहीत तरी भोंग्यावरून ते वाचलं जाईल, कारण मी दोनदा बदलायला गेलो आणि दोनदा न बदलता परत आलो. ती बाजू मी दुसऱ्या कोणाला देणार नाही.

ता. क. २. कॉलेजच्या त्याच अर्जात 'पुढे काय करणार' असा रकाना होता. मी लिहिलं, पेल्हमला, आपल्या गावी, परत. हे पूर्ण खरं नाही. पाचव्या कॉलेजच्या एका कोचचा फोन आला, म्हणतो पहिल्या वर्षाच्या दुखापतीचे कागद दाखवले तर अजून एक वर्ष निघतं. मी त्याला स्पष्ट नाही म्हटलं. म्हणजे म्हणणार आहे. फोन डॅशबोर्डच्या कप्प्यात वाजतो आहे, आणि मी तो उचललेला नाही. हे मात्र अक्षरशः खरं आहे, ऐकायचं असेल तर या.

ता. क. ३. पाकिटावर तिकीट नाही. तिकिटाशिवाय दुसऱ्याच्या टपालपेटीत पत्र टाकणं गुन्हा आहे, हे तुम्हीच मला शिकवलंत, तेव्हा एक गुन्हा आणखी धरा. साडेबाराला तुम्ही जेवायला येता तेव्हा आधी पेटी उघडता आणि मामी हाक मारेपर्यंत आलेलं सगळं तिथेच उभ्याने वाचता, म्हणून हे आत्ता टाकतो आहे. रस्त्यापलीकडे सायकामोरच्या झाडाखाली जी निळी गाडी दिसते, तिच्यात मी बसलो आहे. पर्लने ओळखलं, बसल्या जागेवरून भुंकली. बोलायची गरज नाही, दोन वर्षांची सवय मोडू नका. येणार असाल तर टोपी काढा. येणार नसाल तर टोपी पुढे ओढून घरात जा, मी शहाण्यासारखा गाडी फिरवून आयोवाला जाईन. पण वाचता वाचता तुम्ही टोपीखाली डोकं खाजवता ना, तेवढं आज खाजवू नका, मामा. त्या इशाऱ्याचे चार कॉलेजांत मला चार अर्थ शिकवले आहेत, आणि तुम्ही काय म्हणताय ते या वेळी मला चुकवायचं नाही.