पात्यावरची राळ

३ नोव्हेंबर
संपलं. गोल करवत विकायची! आज पुन्हा फळी जळली – धूर, काळा डाग, आणि यंत्र अर्ध्यातच अडकलं. पात्याची धार बायकोने, लीनाने, परवा मिस्त्रीला दाखवून आणली. उत्तम आहे म्हणे. म्हणजे दोष माझ्या उजव्या हाताचा. अर्धांगाचा झटका येऊन आठ महिने झाले, डॉक्टर म्हणतात हात सुधारला. डोंबल सुधारला! तिनेच लगेच खालच्या मजल्यावरच्या दासबाबूंना गिऱ्हाईक म्हणून गाठलं. रविवारी नेतील. भलतीच घाई हिला!

४ नोव्हेंबर
देव्हारा राहिला. बँकेच्या सात बदल्या, सातही वेळा देव बिस्किटांच्या डब्यातून फिरले. निवृत्त होऊन इथे बालीगंजला टेकलो, तेव्हा सामानाच्या खोक्यांच्या फळ्यांचाच देव्हारा करीन असं बोलून बसलो होतो. आता कसला होतोय.

६ नोव्हेंबर
अरे!! दासबाबूंना घाणेरडं यंत्र कसं द्यायचं, म्हणून प्लग काढून पातं उतरवलं. दातांवर तपकिरी थर. गंज वाटला. नखाने खरवडला तर चिकट! हुंगलं – टर्पेंटाइनचा वास. राळ! खोक्यांचं लाकूड चिडाचं, म्हणजे पाइनचं, त्याचीच राळ दातांवर भाजून बसलेली. आणि मी दोन महिने हाताला शिव्या घालतोय!

परातीत गरम पाणी, धुण्याचा सोडा. पातं अर्धा तास बुडवून जुन्या टूथब्रशने घासलं. पाणी चहासारखं झालं! दात लख्ख. नीट पुसून तेलाचा हात फिरवला. परात कणकेची होती, त्यावरून बोलणी खाल्ली. खाल्ली तर खाल्ली!

७ नोव्हेंबर
कापली! सरळ, एका दमात – ना धूर, ना डाग. याच हाताने! मी ओरडलोच. मग आणखी चार फळ्या, उगीचच. दासबाबूंना नाही म्हणून कळवलं. इतका आनंद कित्येक महिन्यांत झाला नव्हता. लीना मात्र नीट जेवलीही नाही.

८ नोव्हेंबर
सकाळी चहा ठेवून समोर बसली. म्हणाली, “राळ बसलीय, धुवून घ्या, असं मिस्त्रीने सांगितलं होतं. मीच बोलले नाही. झटका येऊन तुम्ही पडलात ना, तेव्हा घरात मी एकटी होते. करवत चालू असताना पुन्हा तसं झालं तर?”

इतके महिने मी फक्त माझा हात बघत होतो.