भागूआत्याची देवी

कर्जत, ४ मार्च १९४४

ती. वाल्मिकदादास इंदूचा सा. न. वि. वि.

भागूआत्या जिवंत आहे आणि आम्हा दवाखान्यातल्या सगळ्यांचा जीव घेते आहे. अंगावर देवी आल्यापासून तीच देवी झाली! डॉक्टरसाहेबांनी बूट बाहेर काढायचे, कुणी आवाज चढवायचा नाही, फोडणीचा वास येता कामा नये. सहदेव कंपाउंडर हात जोडून औषध पाजतो.

शेजारच्या खाटेवर कशेळ्याकडची पाच वर्षांची ठकी आहे. आत्या तिला आपल्यातला दहीभात भरवते. ठकीलाही टोचलेलं नव्हतं. आता टोचलं तर चालेल का, असं तिची आई रोज विचारते. काय सांगू तिला?

गेल्या साली आत्यानं देवी टोचणाऱ्याला केरसुणी घेऊन पिटाळलं आणि सुंदराला कणगीत लपवलं. दादा, लेकीला उद्याच टोचून घे. अजून वेळ आहे.

माया आहे तशीच राहू दे.

तुझी इंदू

खालापूर, ७ मार्च

चि. इंदूस अनेक आशीर्वाद.

तू शिकलीस, तुला सोपं वाटतं. टोचलं तर देवी कोपेल आणि आत्यावर उलटेल, असं म्हणून विमलनं घर डोक्यावर घेतलंय. मला सुंदराला टोचायचं आहे गं. पण आत्याचं काही बरंवाईट झालं तर? तुझ्या वहिनीपुढे माझं किती चालतं ते तू जाणतेसच.

प्रकृतीस जप.

दादा

कर्जत, ११ मार्च

ती. दादास सा. न. वि. वि.

ठकी गेली. सहदेव औषधांच्या खोलीला कडी लावून रडला. साहेब जेवले नाहीत. मला तिच्या आईकडे बघवेना.

रिकामी खाट पाहून आत्यानं दिवसभर काहीच मागितलं नाही. दहीभातही परत केला. संध्याकाळी मात्र केस सोडून घुमू लागली. देवीनं सर्वांसमक्ष दिलेली आज्ञा जशीच्या तशी लिहिते: वाल्या मुडद्या, पोरीला आत्ताच्या आत्ता टोचून घे, नायतर मी तुझ्या घरातनं हलायची नाय.

वहिनीला वाचून दाखव.

इंदू

खालापूर, १४ मार्च

चि. इंदूस अनेक आशीर्वाद.

सुंदराला टोचलं. देवीचीच आज्ञा म्हटल्यावर सगळी आळी दंड उघडे करून रांगेत उभी राहिली. टोचणारा बिचारा केरसुणी कुठे आहे ते विचारूनच आत आला. सुंदराचा दंड सुजलाय आणि विमल त्या दंडालाच हळदकुंकू वाहते.

एक तुलाच सांगतो. मला वाल्या मुडद्या म्हणणारी या जगात एकच बाई आहे. वाचताना हसू फुटलं आणि मग पुढची अक्षरं दिसेनात. विमलला यातलं काही कळवू नकोस.

देवीला म्हणावं, तुझं सगळं ऐकलं. आता आमचं एवढं एक ऐक, आमची आत्या आम्हाला परत दे.

तुझा दादा