मार्जिनचा दोरा

१७ फेब्रुवारी, महाड
आज लतीफभाईंच्या दुकानात कामाला लागले. राहायला दुकानामागची खोली मिळाली आहे, माझी एकटीची! कडी आतून नीट लागते, खिडकीला गज आहेत. पूर्वी इथे टायपिंगचा क्लास होता, आता संगणक आणि झेरॉक्स. आईला फोन केला. ती म्हणाली, शनवारचा येत जा, आणि शिमग्याला पालखी दाराशी येईल तेवा तरी हवीसच तू, मला एकटीला काय दिसतं, ओवाळू कशी? मी वचन दिलं. बाबा गेल्यानंतरही पालखी आली आणि आमचं दार बंद, असं एकदाही झालेलं नाही.

२० फेब्रुवारी
माळ्यावर एक छोटा मराठी टाइपरायटर सापडला, उचलून कुठेही नेता येईल असा, पेटीसकट. न विचारता हात लावणं बरं नव्हे, म्हणून आधी लतीफभाईंना विचारलं. कोर्टाबाहेर अर्ज लिहून देणारे महिपती याच खोलीत राहायचे, जाताना ते मशीन मागे ठेवून गेले म्हणे. साफ कर, पण तो काय आता चालत नाय, असं म्हणून हसले.

२४ फेब्रुवारी
रोज जेवणाच्या सुट्टीत त्याच्यामागे आहे. अक्षरांच्या दांड्या पेट्रोलनं धुतल्या, पोकळीत सुकलेली शाई टाचणीनं कोरून काढली, शिवणयंत्राचं तेल सोडलं. ओळ कुठे थांबायची हे ठरवणारी मार्जिनची खुंटी पार कडेला ओढून हळदीच्या दोऱ्यानं बांधलेली होती. गाठीत तांदळाचे दाणे. खुंटी सैल असावी म्हणून कोणीतरी केलेला जुगाड वाटला. घाण दिसत होता. ब्लेडनं कापला आणि लगेच कचऱ्याच्या गाडीत टाकून आले.
खुंटी सैल नव्हतीच.
नवी रिबन घातली आणि चाललं की! ओळ संपत आली की घंटी वाजते, टिंग. आजपासून रोजनिशी यावरच टाइप करून वहीत चिकटवणार.

१ मार्च
शनिवार. घरी निघाले होते. पोलादपूर स्टँडच्या अलीकडे एसटीत घंटी वाजली. कंडक्टरची म्हणावी, तर ते डुलकी घेत होते. लगेच छातीवर भिंत टेकल्यासारखं झालं. मी किंचाळले. गाडी लागली काय गो, उतर, उतर, असं म्हणून त्यांनी मला रस्त्यात उतरवलं. गाडी गेली. तिथून पुढे पाऊल पडेना. मागे मात्र सहज चालता आलं.
खोलीवर येऊन पाहिलं, तर खुंटी आत सरकलेली. पुन्हा कडेला नेली. माझ्या डोळ्यांदेखत ती परत आत आली.

५ मार्च
आज घंटी महाडच्या स्टँडवरच वाजली. मशीन तर खोलीत, पेटीत बंद होतं.
आईला सगळं सांगितलं. ती ओरडली, अगो, कुणी बांधलेलं सोडतात काय? भगत वर्षावर्षाला गावाची शीव कशाला बांधतो? येवढी शिकलीस नि हे नाय कळलं?
साधा दोरा बांधून पाहिला. तुटला. तार बांधली. तुटली.

९ मार्च
लतीफभाईंना सांगितलं. या वेळी ते हसले नाहीत. महिपतीही शेवटी खोलीबाहेर येईनासे झाले होते, नुसते टाइप करत बसायचे. मग त्यांच्या बायकोनं शिवेवरच्या देवाचा दोरा आणून बांधला, आणि दुसऱ्या दिवशी दोघं चालत निघून गेली. आधी का नाही सांगितलंत, म्हटलं. म्हणाले, चालेल असं वाटलंच नव्हतं बेटा.
मशीन बाहेर फेकायला त्यांनी उचललं. दाराशी नेलं तसा माझा श्वास कोंडला, मी जमिनीवरून फरफटले. त्यांनी घाबरून ते परत टेबलावर ठेवलं.
आई गुरवाकडून दोरा आणणार आहे. शीव बांधतात त्या दिवशीच तो मिळतो — पालखीच्या आदल्या संध्याकाळी.

१३ मार्च
होळी. बाहेर बोंबा चालल्यात.
दुकानाच्या पायरीवर घंटी.
एक कळलं — टाइप करत राहिलं
की खुंटी हलत नाही. थांबले
की सरकते.

१५ मार्च
डोळा लागला. जागी झाले
तेव्हा दार हद्दीपलीकडे
गेलेलं. कडी मीच लावलेली,
सवयीनं. लतीफभाई बाहेरून
धक्के मारतात. हलत नाही.
खिडकीही हाताबाहेर. हात
लांबवला तर बोटांपाशी
घंटी —

१६ मार्च
आज पालखी.
आई आली. घर
बंद करून आली.
आमचं दार बंद.

गजांतून हात
आत घातलाय.
दोरा लोंबतोय.
म्हणते, हात कर
गो, दिसत नाय.

आई, इकडे.
अजून थोडं —

एक हात
कळांवर.
दुसरा
लांब
करते
बोट
लाग
घं