राहुरीच्या पुढे, कडुलिंबाखाली

८ मे ९७, गुरुवार. एकलहरे
ह्यांची रजा नाहीच. पॉवर स्टेशनात दुरुस्तीसाठी युनिट बंद आहे, लग्नाच्या आदल्या दिवशी पोचतो म्हणाले. पण नणंदेचं लग्न, मोठी सून चार दिवस आधी हवीच. म्हणजे उद्या सोलापूरपर्यंत मी एकटी. सोबत तीन वर्षांची चिनू आणि पाच महिन्यांचं बाळ. "दहा तासांचा तर प्रश्न आहे." स्वतः बसून बघा म्हणावं.
लंगोट अठरा. चिनूचे फ्रॉक, बिस्किटं, ग्राइपवॉटर. ऑफिसला जायला लागल्यापासून अंगावरचं दूध जवळजवळ आटलंय, म्हणून थर्मासात दूध आणि वर पावडरचा डबा. डबा सकाळी पिशवीत टाकायचा. विसरायचं नाही.

१० मे, शनिवार. सोलापूर
काल लिहिणं शक्यच नव्हतं. आज सगळ्या बायका बाजारात गेल्यात, बाळ झोपलंय.
डबा ओट्यावरच राहिला. शिर्डीला लक्षात आलं. थर्मास आहे, निभेल असं वाटलं. राहुरी सोडली आणि दहा-पंधरा मिनिटांत एसटी बंद पडली. कंडक्टर म्हणाला मागची गाडी येईल, तिच्यात बसवून देतो. सगळे उतरलो. रस्त्याकडेला एकच कडुलिंब, त्याखाली पंचवीसेक माणसं.
थर्मास उघडला तर दूध नासलेलं.
बाळ रडायला लागलं. पाणी पाजलं, थुंकलं. आडोसा करून अंगावर घेतलं, दोनदा ओढलं आणि जास्तच किंचाळलं. तास झाला. आवाज बसला त्याचा. चिनू माझा पदर ओढून "आई, त्याला गप्प कर, आई." लोक बघत होते. एक आजोबा म्हणाले, "बाई, दूध घेऊन निघायचं नव्हतं का?"
शेजारी पेठकडचं एक आदिवासी जोडपं, नगरपुढे रस्त्याच्या कामावर निघालेलं. तिच्या मांडीवर वर्षाचं पोर. ती म्हणाली, "दे इकडं बाई. माह्या पोराचं झालं पिऊन. लय दूध हाय."
मी म्हटलं, "नको, तो घेणार नाही दुसरीकडे."
खोटंच. मी तिची नखं बघत होते, लुगडं बघत होते.
आणखी अर्धा तास गेला. मग बाळ रडायचंच थांबलं, नुसतं ओठ हलवायला लागलं. तेव्हा दिलं. तिचा नवरा न सांगता उठून लांब जाऊन बसला. बाळ प्यायलं, घटाघटा प्यायलं आणि तिच्या हातावरच झोपलं. ती हसून म्हणाली, "नाव काय ठिवलं?" मी सांगितलं. तिचं विचारलं नाही.
बाळ परत घेतलं आणि ओल्या रुमालानं त्याचं तोंड पुसलं. एकदा पुसलं ते ठीक. पुन्हा रुमाल भिजवला, पुन्हा पुसलं. तेव्हा तिनं पाहिलं. पदर सारखा केला आणि आपल्या पोराला उचलून घेतलं.
दुसरी गाडी भरलेलीच आली. कंडक्टरनं मला जागा करून दिली. चिनू शेजारी पसरून झोपली. तिचं तिकीटसुद्धा नव्हतं. ती बाई नगरपर्यंत पोर कडेवर घेऊन आमच्या बाकाला टेकून उभी होती. चिनूला मांडीवर घेता आलं असतं. घेतलं नाही. खिडकीतून बाहेर बघत राहिले.
सोलापूरला सात वाजले.

११ मे, रविवार
आज जे झालं ते लिहायला नको वाटतंय.
दुपारी रुखवताची मांडामांड. सासूबाई, काकू, दोन मावश्या. सा.बाईंनी विचारलं, "गाडी बंद पडली तेव्हा बाळाचं कसं केलंस गं?" मी म्हटलं, "बाटली होती ना."
चिनू तिथेच खेळत होती. "नाही आजी. बाळ मावशीचं दुद्दू प्यायलं. झाडाखाली."
"कुठली मावशी?"
मी हसले. म्हटलं, अर्धवट झोपेत होती, काहीतरी बडबडते. पण चिनू ऐकेना. "प्यायलं! तिच्याकडे पण बाळ होतं!"
"खोटं बोलतेस?" म्हणून दिली एक. जोरात. चार बोटं उठली गालावर.
सा.बाई म्हणाल्या, "असू दे गं, लहान आहे." आणि विषय संपला.
संध्याकाळी काकूंनी सहज विचारलं, "चिनू, बसमध्ये काय काय खाल्लंस?" पोरगी उत्तर देण्याआधी माझ्या तोंडाकडे बघत राहिली. बिस्किटं खाल्ली एवढंही तिला सांगवेना.

१३ मे, मंगळवार
लग्न लागलं. छान झालं म्हणतात सगळे. हे काल आले. त्यांना काही बोलले नाही. फोटोत हसले.

२० मे, मंगळवार. एकलहरे
ह्यांना आज सांगितलं. दूध प्यायल्याचं तेवढं. थपडेचं जमलं नाही. हे म्हणाले, "मग काय झालं? देवासारखी भेटली म्हणायची." चहा संपल्यावर म्हणाले, "आईला मात्र नको सांगूस."
सा.बाई भांडीवालीचा कप वेगळा ठेवतात. माळ्यावरून काढलेला, कान तुटका. लग्न होऊन आले तेव्हापासून ह्यांच्याजवळ त्यावर किती बोललेय मी! माझ्या घरी हे चालणार नाही वगैरे. पण परवापासून एकच विचार येतोय. राहुरीला सा.बाई कुठे होत्या? तोंड तर मीच पुसलं.

२ जून, सोमवार
बाळ चांगलं बाळसं धरतंय. चिनू हल्ली सारखी विचारते, "हे सांगायचं का?" काल शेजारच्या वहिनींनी भाजी काय केली विचारलं तर धावत आत आली. "आई, गवार सांगू?" ह्यांना हसू आलं. मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच नळ सोडून उभी राहिले.

१२ जून, गुरुवार
सा.बाई रविवारी येताहेत, महिनाभर राहायला.
आज वेणी घालताना चिनूला सांगितलं. तिचं तोंड पलीकडे होतं म्हणून जमलं. म्हटलं, "सोलापूरला तू खरं बोलली होतीस. बाळ त्या मावशीचं दूध प्यायलं होतं. आई खोटं बोलली. आणि तुला मारलं, ते चुकलं माझं."
ती रिबिनीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मला वाटलं विसरली असेल, तीन वर्षांचं पोर. मग तशीच पाठमोरी म्हणाली, "जोरात मारलंस."
"हो."
रिबिन बांधून झाली. तिनं वळून माझ्याकडे पाहिलं.
"मग आजी आली की सांगू?"
दूध उतू जातंय म्हणून मी उठले. गॅसवर काहीच नव्हतं.
आत्ता ती अंगणात खेळतेय. उत्तर अजून दिलेलं नाही. रविवारपर्यंत द्यावं लागेल.