चाळीस मिनिटांची फाइल

१९ नोव्हेंबर

ताई,

पाकिटावर माझं अक्षर बघून दचकली असशील, म्हणून आधीच सांगतो, आई बरी आहे. जखम भरली. तोंडाने खाते, फक्त सगळं मऊ लागतं. गळ्यावरच्या भोकावर रुमाल बांधते, रोज वेगळ्या रंगाचा. शेजारच्या काकू म्हणाल्या, "अगदी विमानातली बाई दिसतेस." त्यावर खांदे हलवून हसली. त्या हसण्याला आवाज नसतो. मला अजून त्याची सवय झालेली नाही.

माझं दुकान बरं चाललंय. लोक कीबोर्डवर चहा सांडतात तोवर मला मरण नाही. जिन्याचा कठडा शेवटी दुरुस्त केला. तुझी खोली आहे तशीच आहे, फक्त शिवणयंत्र तिथे हलवलंय.

सप्टेंबरात तू एक ओळ पाठवली होतीस, "आईच्या आवाजाचं काय झालं?" सहा वर्षांत तू तिच्याबद्दल विचारलेली ती पहिली ओळ. मी कळवलं, "काम चालू आहे." काम चालू नव्हतं. नंतर फोन तीनदा हातात घेतला. तू नुसती गप्प राहिलीस तर काय करायचं ते सुचेना, म्हणून लिहितोय.

तुला अर्धंच माहीत आहे. डॉक्टरांनी स्वरयंत्र काढायचं ठरवलं तेव्हा तीन आठवडे हातात होते. एक कंपनी आहे, तिच्याकडे माणसाने आपल्या आवाजात दीड हजार वाक्यं वाचून पाठवायची. मग आपण टाइप करायचं आणि मशीन आपल्याच आवाजात बोलतं. मी दुकानातला सगळ्यात दणकट लॅपटॉप घरी आणला. त्यात दोन डिस्क आहेत, वेगासाठी जोडून एक केलेल्या. प्रत्येक फाइलचे तुकडे दोघींवर वाटलेले असतात. एकटी कुठलीच काही सांगू शकत नाही. जोडी मोडली की संपलं.

आई रोज सकाळी दार लावून वाचायला बसायची. तीस वर्षं इस्पितळाच्या चौकशीच्या खिडकीत नंबर पुकारलेला आवाज तो, आवाजाची पातळी दाखवणारा काटा सारखा लाल पट्ट्यात जायचा. "दिवा बंद कर." "कोण आलंय?" "मला थोडं पाणी द्याल का?" चौथ्या दिवशी वैतागली. म्हणाली, "ही काय वाक्यं आहेत? असं कोण बोलतं घरात? एक तरी शिवी घाला म्हणावं." मग तिने स्वतःची सव्वीस वाक्यं वाढवली. "तुझ्या डोक्यात काय भुसा भरलाय?" हे त्यातलंच एक. माझ्यासाठीच होतं.

रोज संध्याकाळी एक प्रोग्रॅम सगळ्याची प्रत बाहेरच्या डिस्कवर काढायचा आणि हिरवी खूण दाखवायचा. कंपनीकडे सगळं एकदमच पाठवू असं मी ठरवलं होतं. आधी ऑपरेशन होऊ दे, म्हटलं.

ऑपरेशननंतर ती त्याच लॅपटॉपवर मोठ्या अक्षरात टाइप करून बोलायला लागली. त्याची स्क्रीन एक खोड करायची. बॅटरी वाचवायला म्हणून आपोआप अंधारायची, स्क्रीनवर काय उघडलंय त्यानुसार उजेड कमीजास्त व्हायचा. आईचे डोळे तुला ठाऊक आहेत. वाक्य अर्ध्यावर असताना स्क्रीन मंदावली की ती टेबलावर चापट मारायची. टाइप केलं, "हे पण माझ्यासारखंच मुकं होतंय." मला ते सहन झालं नाही. सेटिंग कुठेच दिसेना. मग वाचलं की मशीनच्या मुळाशी जो प्रोग्रॅम असतो, फर्मवेअर, त्याच्या नव्या आवृत्तीत ते बंद करता येतं.

शनिवार होता, सकाळचे अकरा. नवी आवृत्ती चढवली. चढली नीट. पण तिने सगळी सेटिंग्ज कारखान्यातल्यासारखी करून टाकली, आणि त्यात डिस्कची जोडीही बंद झाली. स्क्रीनवर आलं, सुरू करण्याजोगी डिस्क सापडत नाही.

ताई, इथे एक गोष्ट लिहायलाच हवी. या क्षणापर्यंत काहीही गेलं नव्हतं. ते एक सेटिंग परत होतं तसं केलं असतं तर पाच मिनिटांत सगळं जागच्या जागी आलं असतं. गिऱ्हाइकाचा लॅपटॉप असता तर मी तेच केलं असतं. गिऱ्हाइकाच्या मशीनला मी आधी हातच लावत नाही, आधी बघतो. पण आई समोर पाटी घेऊन बसली होती. पाटीवर लिहिलं, "किती वेळ?" मी म्हणालो, "झालंच." आणि झालंच म्हणून दाखवायला मी जुनी जोडी मोडून नवी केली. मशीनने विचारलं, सगळा मजकूर पुसला जाईल, चालेल का? मी वाचलं आणि हो म्हटलं, कारण प्रत होती ना. वर नवी सिस्टिमही घातली. दुपारपर्यंत लॅपटॉप चालू. स्क्रीन अंधारत नव्हती. आईने माझ्या गालावर हात फिरवला.

संध्याकाळी प्रत उघडली. फोल्डर सगळे होते, आत काही नव्हतं. रेकॉर्डिंगचा प्रोग्रॅम फाइली दुसरीकडेच ठेवत होता आणि मी तीन आठवडे रिकाम्या जागेची प्रत काढत होतो. हिरवी खूण बघायचो. उघडून एकदाही बघितलं नाही. दुकानात मी लोकांना हेच ऐकवतो, प्रत काढली की उघडून बघा.

दोन्ही डिस्क मी स्वतः तपासून पाहिल्या, मग ओळखीच्या एका जाणकाराकडे नेल्या. तो म्हणाला, "जुन्या फिरत्या डिस्क असत्या तर काहीतरी खरवडून काढलं असतं. या नव्या जातीच्या. पुसलं की पुसलं." दोन महिने मी आईला सांगत राहिलो की कंपनी वेळ लावतेय.

आता जे लिहायचं टाळतोय ते.

त्या दीड हजार वाक्यांबरोबर तुझ्यासाठीची एक फाइल होती. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी दुपारी आई म्हणाली, "आज यादी नको. आज मला तुझ्या ताईशी बोलायचंय." सहा वर्षांपूर्वी बाबा गेले तेव्हा ती तुला जे बोलली, "तू मला मेलीस" म्हणाली, त्यावर ती कधीच कुणाशी बोलली नव्हती. मला बजावलं, "तू ऐकायचं नाहीस. हे तिचं आहे." चाळीस मिनिटं आत होती. बाहेर आली तेव्हा पदराने तोंड पुसत होती. म्हणाली, "आता कापू देत."

गेल्या गुरुवारी तिला सगळं सांगितलं. जेवण झालं होतं, ती कपड्यांच्या घड्या घालत होती. शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग लॅपटॉप ओढून टाइप केलं, "तिचं पण?"

मी हो म्हणालो.

तिने तोंड उघडलं. तिला हाक मारायची होती की ओरडायचं होतं, कळलं नाही. गळ्यावरचा रुमाल तेवढा हलला.

मी म्हटलं, टाइप कर, मी आजच पाठवतो. ती बसली. दिवे लागेपर्यंत बसली. चार ओळी लिहायची, पुसायची. शेवटी लिहिलं, "मी काय बोलले ते मला आठवत नाही. बोलायला लागले आणि बोलत गेले." मग झाकण मिटलं. त्यानंतर तिने त्याला हात लावलेला नाही. माझ्याशी पाटीवर बोलते, लागेल तेवढंच.

तिने तुला माफ केलं की तुझी माफी मागितली, की आणखीच बोलली, मला माहीत नाही. आता कुणालाच माहीत नाही. त्या दुपारी मी दाराला कान लावायला हवा होता. जन्मभर आईचं एक ऐकलं नाही मी. त्या दिवशी ऐकलं आणि जिन्यात जाऊन बसलो.

ये म्हणायला मला तोंड नाही. उत्तर नाही आलं तरी मी समजेन.

तुझा भाऊ, अजून तुला चालत असेल तर