रोपवेतला राहू

सोमवार, ५ फेब्रुवारी
आज सकाळी उजाडायच्या आत अंघोळ केली, नरसिंहस्वामींपुढे दिवा लावला आणि ओल्या केसांनीच कॉम्प्युटरपुढे बसून एर्रगुट्ट्याच्या डोंगरावरच्या रोपवेच्या प्रोग्रॅममध्ये चार ओळी घातल्या. राहुकाळात यंत्रणा सुरू होणार नाही. बस.

कारण रेहाना. भागीदार म्हणून हुशार. पण गेल्या गुरुवारी मी जेवायला गेलो असताना दुपारी दोनला, भर राहुकाळात, तिनं नवी आवृत्ती चालू केली आणि केबिनचं दार अडकलं. ती म्हणते दारात नारळाची शेंडी होती. असेल. पण ती शेंडी नेमकी तेव्हाच का आली?

दुसऱ्यानं तपासल्याशिवाय प्रोग्रॅममध्ये एक ओळही घालायची नाही, हा नियम ऑफिसच्या भिंतीवर मीच लावला आहे. पण ही भक्ती आहे. पत्राच्या माथ्यावर 'श्री' लिहितो, तो कुणी तपासतं का? शिवाय रोपवे रोज सकाळी सहाला एकदाच सुरू होतो, आणि सहाला कुठल्याच वारी राहुकाळ नसतो. कुणाला कळणारही नाही.

महिनाभर चाचणी. देवस्थानचे चेअरमन सत्तीरेड्डी यांचा शब्द आहे: वाऱ्यानं थांबला तर थांबू दे, पण लगेच सुरू झाला पाहिजे. जमलं तर पाच वर्षांची देखभाल आपली, शेजारच्या नल्लगुट्ट्याचा रोपवेही आपला. नाही जमलं तर आमच्या तारनाक्याच्या ऑफिसला कुलूप आणि मी मेव्हण्याच्या हाताखाली.

नाही जमायला काय झालं?

संकल्प: चाचणी संपेपर्यंत उस्मानिया बिस्किटं बंद.

बुधवार, ७ फेब्रुवारी
साडेबाराला एक माकड तारेच्या चाकावर येऊन बसलं. यंत्रणा थांबली. अगदी बरोबर! शंका आली की थांबायचं, हे आमच्या धंद्याचं ब्रीद. गावच्या शाळेत मल्लय्या पंतुलू हेच शिकवायचे: अडलास तर थांब, थांबलास तर विचार कर. मी त्यावर पोट भरतो आहे.

माकड गेलं, पण रोपवे सुरू होईना. ऑपरेटर पोचय्या शेजाऱ्याची बेल वाजवावी तसा बटण दाबत राहिला. शेवटी डिझेल इंजिनावर केबिनी खाली आणल्या. दीडला दाबलं तर मुकाट्यानं सुरू.

बटण खराब. नवं मागवलं.

बिस्किटं दोन. प्रवासात व्रत शिथिल असतं.

शुक्रवार, ९ फेब्रुवारी
नवं बटण बसवलं. अकराला वारा आला, रोपवे थांबला, तो बाराला सुरू झाला. म्हणजे बटण नव्हे, व्होल्टेज. वीजवाल्यांना कडक पत्र लिहिलं.

परतताना जीपमध्ये एकदम लक्षात आलं आणि अंगावर काटा आला. बुधवारी बारा ते दीड राहुकाळ. शुक्रवारी साडेदहा ते बारा. दोन्ही वेळा राहुकाळातच अडलं! काल वाऱ्यानं कितीदा तरी थांबला, पण राहुकाळ सोडून, आणि दर वेळी चुटकीसरशी सुरू झाला. याहून मोठा पुरावा काय हवा?

रेहानाला सांगितलं. तिनं चष्मा कपाळावर चढवून माझ्याकडे पाहिलं. म्हणाली, यादगिरीभाई, राहूला घड्याळ इतकं बरोबर लावून दिलं कुणी? मी म्हटलं, ज्यानं सूर्यचंद्राला लावून दिलं त्यानं.

माझ्या चार ओळींचा इथे संबंध नाही. त्या सकाळच्या पहिल्या मुहूर्तासाठी. वाऱ्यानंतर सुरू होणं म्हणजे सुरू होणं नव्हे, ते पुढे चालणं.

रविवार, ११ फेब्रुवारी
मेव्हणा मधुसूदन जेवायला आला. शाळांच्या फीचं सॉफ्टवेअर विकतो आणि गाडी दोन घरं व्यापेल अशी लावतो. पुलिहोरा भात तिसऱ्यांदा वाढून घेत म्हणाला, बावगारू, खिडकीजवळचं टेबल तुमच्यासाठी मोकळं ठेवलंय. मी म्हटलं, झाडाची कुंडी ठेव तिथे. सुगुणा आतून म्हणाली, अहो, कुंडीला निदान महिन्याच्या महिन्याला पाणी तरी मिळेल, तुमच्या पगारासारखं नाही. भावाबहिणीचा हशा. मी हसलो नाही. थोडा हसलो.

पाच वाजता पोचय्याचा फोन: सार, रोपवे परत बसला! मी डोळे मिटले, स्वामींना आठवलं आणि म्हटलं, सहाला सुरू होईल. सहा वाजून एक मिनिटानं त्याचा फोन. सार, तुम्ही घरी बसून कसं ओळखलंत?

मलाही नवल वाटतं आहे. मन शांत असलं की यंत्र बोलतं, एवढंच म्हणता येईल.

बुधवार, १४ फेब्रुवारी
डोंगरावर माझं नाव झालं आहे. आज बंद पडल्यावर हारवाली बाई पोचय्याला न विचारता थेट मला विचारायला आली. मी म्हटलं, दीड. दीडला सुरू. बाईनं झेंडूचा हार दिला, पैसे घेतले नाहीत. हार गाडीला घातला.

सत्तीरेड्डी मात्र खूश नाहीत. फोनवर म्हणाले, यादगिरीगारू, मला रोपवे हवाय, ज्योतिषी डोंगरावर आधीच चार आहेत. बावीस तारखेला अधिकारी येणार. त्यांच्यासमोर चालला तर काम तुमचं. वेळ तुम्हीच सांगा. मी पंचांग पाहून अकराची दिली. अधिकारी उशीर करतील का, हा प्रश्न मनात आला होता. अशुभ विचार म्हणून झटकला.

रेहाना अख्खा प्रोग्रॅम ओळीनओळ वाचू म्हणते. मी म्हटलं, माझ्या हातच्या ओळी आहेत, कशाला डोळे शिणवतेस? व्होल्टेज बघ.

गुरुवार, २२ फेब्रुवारी, संध्याकाळ
अधिकारी अकराचे आले सव्वा वाजता. मग त्यांचं जेवण. रोपवे सकाळपासून झकास चालला होता. वारा नाही, माकड नाही. मी दोन्हींसाठी नवस बोललो होतो.

पहिल्या केबिनीत सत्तीरेड्डींच्या आई रत्नम्मा बसणार होत्या. पुजारी शेषाचारी आरती घेऊन आत गेले आणि त्या बंद डब्यात भरपूर कापूर पेटवला. धूर. धुराची शंका आली की थांबायचं, हे मीच शिकवलेलं. रोपवे थांबला. वाजले होते पावणेदोन.

पोचय्यानं बटण दाबलं. काही नाही. माझ्याकडे पाहिलं. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी डोळे मिटून गंभीरपणे सांगितलं, तीनला सुरू होईल. राहुकाळ आहे.

कौतुकाची वाट पाहिली. आलं नाही. शेषाचारी खोकत बाहेर आले आणि म्हणाले, "स्वामींच्या डोंगरावर राहू कसला? तो खाली पायरीशी चपला सांभाळत बसतो. तुम्ही मशीन लावा."

रेहाना तेवढ्यात लॅपटॉप उघडून बसली होती. तिला फार वेळ लागला नाही. सगळ्यांसमोर म्हणाली, "यादगिरीभाई, राहू तर आपल्याच पगारावर आहे! चार ओळींत कामाला ठेवलाय." आणि त्या ओळी वाचून दाखवल्या. मोठ्यानं. वारांसकट.

मी म्हटलं, ते सुरू होण्यासाठी आहे, पुढे चालण्यासाठी नाही. ती म्हणाली, मशीनला हा फरक सांगितलात का? नव्हता सांगितला.

सत्तीरेड्डी लाल झाले होते. वाचवलं रत्नम्मांनी. त्या पोट धरून हसत होत्या. लेकाला म्हणाल्या, "अरे, माझं लग्न राहुकाळातच लागलं. पुजारी उशिरा आला होता. तुझा बाप अजून माझ्याच हातची भाकरी मागतो. कुणाचं काय वाकडं झालं?" मग अधिकारीही हसले. मग सत्तीरेड्डी. शेवटी पोचय्या हसला, ते मला लागलं.

ओळी तिथल्या तिथे काढता येत नव्हत्या. बदल ऑफिसात करायचा, दोघांनी तपासायचा, मगच डोंगरावर चढवायचा. भिंतीवर आहे तो नियम. म्हणून सगळे तीनपर्यंत लाडू खात बसले. तीनला सुरू झाला. रत्नम्मा वर जाऊन, दर्शन घेऊन, परत एक फेरी मागून खाली आल्या.

काम मिळालं. नल्लगुट्ट्याचंही. अट एकच: करारावर सही रेहानाची, आणि तिनं पाहिल्याशिवाय मी कीबोर्डला हात लावायचा नाही. मधुसूदनचं टेबल टळलं. रेहानानं मला खिडकीजवळचं टेबल दिलं आहे.

ती म्हणाली, ओळी तुम्ही घातल्यात, तुम्हीच काढा. उद्या पहिलं काम.

शुक्रवार, २३ फेब्रुवारी
सकाळी नऊलाच ऑफिसात. टेबल पुसलं. खिडकी पुसली. चहा घेतला, बिस्किटं मोजली नाहीत, चाचणी संपली आहे. भिंतीवरचा नियम पुन्हा वाचला. चांगला लिहिला आहे. एवढ्यात साडेदहा झाले. शुक्रवारचे.

रेहाना दोनदा डोकावून गेली. मी सांगितलं, विचार करतोय.

चारही ओळी काढून टाकल्या. बारा वाजून पाच मिनिटांनी.